वीस रोपांची राखण

देवाजी माळ्याच्या संत्र्याला काहीतरी झालंय, हे पहिल्यांदा कळलं ते त्याच्या बहिणीला. पण तिनं सांगूनही वर्षभर कोणी ते मनावर घेतलं नाही.

कोरेटोला म्हणजे वैनगंगेच्या काठचं पंचवीस घरांचं गाव, वडशापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, त्यांच्यापलीकडे जंगल, आणि गावाच्या वरच्या अंगाला, पाणी तुंबत नाही अशा चढावर देवाजीची साठ झाडं. नागपूरकडून आलेल्या एका कलमवाल्याकडून त्यानं ती घेतली होती. पाचव्या वर्षी फळ धरलं आणि वडशाच्या बाजारात लोक कोरेटोल्याचा संत्रा नाव घेऊन मागू लागले.

भागीरथा त्याची धाकटी बहीण. तिला चिमूरकडे दिली होती. नवऱ्यानं दुसरी करून आणली तेव्हा ती एक बोचकं घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. भावानं आत घेतलं, भावजयीनं ताट वाढलं. कोणी तिला टोचून बोललं नाही, तसं कोणी काही विचारलंही नाही. तेव्हापासून नऊ वर्षं ती बागेत राबत होती. कोणतं झाड कधी पाणी मागतं, कोणत्या फांदीला फळ गोड, हे तिला हाताच्या रेषांसारखं ठाऊक.

"भाऊ, हे झाड अवेळी फुलून राह्यलं," ती एकदा म्हणाली. "पानं पाय कशी हळदीवानी झाली."

"फुललं त रडतं काऊन?" देवाजी हसला होता.

पुढच्या वर्षी बारा झाडं शेंड्याकडून वाळत खाली आली. फळं धरली ती लिंबाएवढी. मग मात्र देवाजीची पळापळ सुरू झाली. मुळं उकरून पाहिली, बुंध्याला चुना लावला, मासळीचं खत घातलं, जस्ताची फवारणी केली. गावदेवी मातामायला कोंबडं दिलं. झाडं वाळतच राहिली. शेवटी गावातल्या गुरुजींकडून अर्ज लिहून नागपूरला धाडला, आणि छप्पन सालच्या मृगाच्या तोंडावर शेतकी खात्याचे कोंडावार साहेब बैलगाडीतून उतरले.

साहेब म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. पस्तिशीचा सडपातळ माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मूळचे सिरोंचाचे, घरी तेलुगू बोलणारे. बायको आणि दोन मुली नागपुरात आहेत, हे त्यांनी पहिल्या जेवणालाच सांगून टाकलं. गाडीत त्यांच्यासोबत घासलेटच्या कापलेल्या डब्यांमध्ये कागदी लिंबाची वीस रोपं होती. वाटभर त्यांना ऊन लागू नये म्हणून साहेबांनी आपलं पांघरूण त्यांच्यावर टाकलं होतं.

"संत्र्याचा रोग, आन् लिंबू कायले आणलं?" देवाजीनं विचारलं.

साहेब बागेतल्या बांधावर बसले आणि समजावून सांगू लागले. हा रोग किड्याचा नाही, बुरशीचा नाही, मातीचाही नसावा. त्यांना संशय होता विषाणूचा. विषाणू इतका बारीक, की त्यांच्या प्रयोगशाळेतल्या भिंगाखालीही दिसत नाही. तो संत्र्याच्या झाडात वर्षानुवर्षं लपून राहतो. पण आजारी झाडाची साल किंवा फांदीवरचा कोंबाचा डोळा लिंबाच्या कोवळ्या रोपावर बांधला, की दीड-दोन महिन्यांत लिंबू त्याची चहाडी करतं. नव्या पानाच्या शिरांमध्ये बारीक, तुटक, फिकट रेघा उमटतात. पान उन्हासमोर धरलं तरच त्या दिसतात.

"मंग फांद्या नागपूरले नेऊन तिकडंच पाहा ना."

"नाई भाऊ. हा रोग मावा किडा एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. तिकडं कोसावारी संत्र्याच्या बागा. तुमच्या फांदीसंगं मी तोच घेऊन गेलो, तर काय तोंड दाखवू? म्हणून लिंबूच इथी आणलं."

अडचण एवढीच होती, की रोपांवर नजर ठेवायला दोन महिने कोणीतरी हवं. पाऊस लागला की नाले भरत, नदी फुगे आणि कोरेटोल्याची वाट बंद होई. साहेबांनी देवाजीला एक पान उन्हासमोर धरून दाखवलं. शिरेच्या कडेला किड्यानं काढलेली केसाएवढी रेघ होती. देवाजीनं डोळे बारीक केले, मोठे केले, मान वाकडी केली.

"पान दिसते," तो म्हणाला.

मागं पाण्याची घागर घेऊन भागीरथा उभी होती. साहेबांनी पान तिच्यापुढं केलं. "तुमाले काय दिसते, बाई?"

ती गोंधळली. कोणी आपल्याला असं विचारेल, याची तिला सवय नव्हती. तिनं घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पान धरलं.

"मधली शीर सोडून उजवीकडं तिसऱ्या शिरेजवळ एक रेघ हाय," ती म्हणाली. "आन् इथी, टोकाकडं, दोन टिंबं हायेत. सुईनं टोचल्यावानी."

ती टिंबं साहेबांनाही दिसली नव्हती. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून त्यांनी ती पाहिली, आणि हसले.

सहा दिवस ते गावच्या शाळेत राहिले. रोज सकाळी बागेत येत आणि भागीरथाला शिकवत. संत्र्याच्या वाळत्या आणि हिरव्या मिळून सोळा झाडांचे डोळे काढून सोळा रोपांवर त्यांनी बांधले, ते तिच्यासमोर. उरलेल्या चार रोपांवर त्यांनी निरोगी लिंबाचे डोळे बांधले, पण त्या वेळी तिला मुद्दाम पाणी आणायला धाडलं. मग वीसही रोपांची जागा बदलून टाकली.

"कोणचे चार चांगले, ते सांगत नाई," ते म्हणाले. "सांगितलं तर तुमचे डोळे त्याच्यात तेच पाहतीन. माझेही पाहतेत. माणसाच्या डोळ्याचा भरवसा नाई, त्याले असं बांधून ठेवा लागते. यादी माझ्याजवळ राहीन."

तिला लिहिता येत नव्हतं. त्यांनी कागदावर वीस चौकटी आखल्या, रोपं ज्या ओळीत ठेवली होती त्याच ओळीत. पान स्वच्छ असेल तर टिंब, रेघा दिसल्या तर रेघ. आठवड्याला एक कागद. मावा शिरू नये म्हणून रोपांवर मलमलीचा मांडव घातला. तिला वाटलं होतं, ते हुकूम सोडून निघून जातील. पण ते दर पानाला विचारत, आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबत. एकदा ती म्हणाली, "मले नक्की नाई सांगता येत." त्यावर ते म्हणाले, "हे लई चांगलं उत्तर हाय बाई. आमच्या हापिसात हे कोनी देत नाई."

मधूनमधून ते आपल्या गावाचंही बोलत. प्राणहिता गोदावरीला मिळते तिथलं पाणी दोन रंगांचं कसं दिसतं, आई अजून तिथंच कशी राहते, नागपूरला राहून सात वर्षं झाली तरी सकाळी उठल्यावर कान नदीचा आवाज कसा शोधतात. भागीरथा पानं पुसत ऐके. चिमूरच्या घरचं तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यातलं थोडं तिनं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

"पोळ्याले येतो," जाताना ते म्हणाले. "वाट बंद असली तर दसऱ्याले. पण येतो."

बैलगाडी आंब्याच्या वळणाआड गेली तरी ती मांडवापाशी उभी होती. भावजयीनं घरून दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं ती भानावर आली.

मग तिचे दिवस त्या वीस रोपांभोवती फिरू लागले. उन्हाची तिरीप आली की हातातलं काम टाकून ती मांडवात शिरे. चार-चार दिवस सूर्य दिसत नसे, तेव्हा तिचा जीव कासावीस होई. पान होतं, डोळे होते, पण ऊन नव्हतं. रोवणीला ती इतर बायांसोबत बांधीत उतरे, चिखलात धानाचे पऱ्हे रोवता रोवता आभाळाकडे पाही. बाया चेष्टा करत, "भागीरथाबाई, तुमाले सूर्यदेव भेटाले येनार हाय का?" ती हसून मान खाली घाली.

ती मनातल्या मनात साहेबांशी बोले. आज सातव्या रोपाला नवं पान आलं. आज मलमलीवर मावा दिसला, मी राखेचं पाणी शिंपडलं. बारावं रोप खुरटलं, पण मरत नाई. दिवसभरात जे जे दिसे ते ती त्यांच्यासाठी राखून ठेवी. ते आले की कोणतं आधी सांगायचं, याचीही तिनं ओळ लावली होती. त्यांना बायको आहे, मुली आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती काही मागत नव्हती. कोणीतरी समोर बसून विचारावं आणि उत्तराची वाट पाहावी, एवढीच तिची ओढ होती, पण ती ओढ सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुटत नसे.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. सातव्या रोपाचं शेंड्याचं पान तिनं वर धरलं. शिरांमध्ये पांढरट टाके घातल्यासारख्या तुटक रेघा होत्या, चांगल्या आठ-दहा. तिनं तिसरं रोप पाहिलं, त्यातही त्याच. नववं, चौदावं. दिसलं, दिसलं, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. कितीतरी वेळानं तिला उमगलं, की हे दिसलं म्हणजे भावाची बाग गेली.

संध्याकाळी देवाजीनं रोजच्यासारखं विचारलं, "काई दिसते का वं?"

"नाई," ती म्हणाली.

का म्हणाली, ते तिचं तिला कळलं नाही. पोळा तीन-साडेतीन आठवड्यांवर होता. साहेब येतील, त्यांच्या हातात पहिल्यांदा पान देईन, ते चष्मा पुसून पाहतील, मग सगळ्यांना सांगू. दुसऱ्या दिवशीही ती नाईच म्हणाली. कागदावर मात्र तिनं खोटं केलं नाही, जिथं रेघ तिथं रेघच काढली. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी भावजय भाताचं पाणी वेळता वेळता सहज म्हणाली, "इस्तारीभाऊ काल येऊन डोळ्याच्या काड्या घेऊन गेले. हे म्हनत, लिंबाले दोन महिन्यात काई झालं नाई, म्हंजे आपली हिरवी झाडं निर्मळच हायेत. त्याच्याजवळ शंभर जंबेरीचे खुंट तयार हायेत म्हने."

भागीरथानं हातातलं सूप खाली ठेवलं. इस्तारी नाल्यापलीकडच्या गावचा, देवाजीचा जुना मित्र. कलमासाठी वाढवलेल्या जंबेरी लिंबाच्या खुंटावर आजारी झाडाचा डोळा बांधला, की रोग त्या खुंटात उतरतो, हे तिनं साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. तिच्या एका 'नाई'तून शंभर आजारी झाडं उभी राहणार होती.

तिनं मांडवात जाऊन सातव्या रोपाचं एक पान आणि एका स्वच्छ रोपाचं एक पान खुडलं, मावा नाही ना हे पाहून ओल्या फडक्यात बांधलं, आणि कोणाला न सांगता निघाली. नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. ती फडकं डोक्यावर धरून उतरली. मधे एकदा पाय सुटला, तेव्हा बाभळीची आडवी फांदी हाताला लागली म्हणून वाचली.

इस्तारी अंगणात बसून केळीच्या सोपटानं डोळे बांधत होता. चाळीस खुंट बांधून झाले होते.

"भाऊ, थांबा. त्या डोळ्यात रोग हाय."

"कोन म्हनते?"

"मी म्हनतो."

इस्तारी हसला. "तू कवापासून डागदरीन झाली वं बाई?"

तिनं फडकं सोडलं. पण आभाळ दाटून आलेलं होतं. उजेडात धरून उपयोग नव्हता, ऊन हवं होतं. "ऊन पडू द्या," ती म्हणाली आणि ओल्या लुगड्यानिशी त्याच्या ओट्याखाली बसून राहिली. इस्तारीनं दोन खुंट आणखी बांधायला घेतले, पण तिच्या त्या बसण्यानं त्याचा हात चालेना. त्याच्या बायकोनं चहा आणून दिला. दुपार कलताना ढग फाटले. ती उठली, दोन्ही पानं त्याच्या दोन हातांत दिली.

"माह्यावर भरवसा नोका ठेवू. काय दिसते, तुमीच सांगा."

इस्तारीनं दोन्ही पानं उन्हासमोर धरली. हातातली पानं त्यानं अदलाबदल करून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, "याच्यात टाके हायेत. याच्यात नाई."

त्यानं बांधलेले खुंट एकामागून एक उपटले आणि जाळायला चुलीमागं टाकले. शेवटचा उपटून झाल्यावर तो तिच्याकडे वळला. "काल सांगतलं असतं, त माहे चाळीस खुंट वाचले असते बाई."

"हाव," ती म्हणाली.

घरी देवाजी दारातच उभा होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"तुले बारा दिसांपासून ठाऊक होतं?"

"हाव."

"आन् रोज मले नाई म्हनत होती. काऊन?"

तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते भावाला सांगता येण्यासारखं नव्हतं. देवाजीनं मग तिच्याशी बोलणं टाकलं. ताटावर बसला तरी तिच्याकडे पाहत नसे. तिनं ते सोसलं, कारण ते तिच्या हिशेबी बरोबरच होतं. सूर्य दिसला की ती मांडवात जाई आणि कागदावर खुणा करी.

पोळा गेला. वाट बंदच होती. दसऱ्याला नाले उतरले, तेव्हा तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, मांडवाखालची जमीन सारवली. दुपारी वडशाकडून एक गाडी आली, ती मिठाची निघाली. कोजागिरी गेली, दिवाळी गेली. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत गावोगावी नाटकं लागली, भावजय आग्रह करत होती, पण ती गेली नाही. न जाणो, नेमके त्याच दिवशी आले तर.

कार्तिकाच्या अखेरीस साहेब आले, पण ते दुसरेच. तरुण, घाईचे, हातात फाईल. त्यांनी वीस रोपं पाहिली, तिचे कागद मागून घेतले. फाईलमधून लाखेनं बंद केलेला लिफाफा काढून फोडला आणि बांधावर बसून यादी आणि कागद ताडून पाहू लागले. देवाजी शेजारी उभा होता. बोलत नसला, तरी बहिणीच्या बाजूलाच उभा होता.

"दोन, सहा, अकरा, सतरा," नवे साहेब म्हणाले. "ही चार निरोगी डोळ्यांची. तुमच्या कागदावर या चारींत शेवटपर्यंत टिंबंच आहेत. पण तेराव्या रोपातही टिंबंच. ते तर संत्र्याचं आहे."

"तेराव्यात काई दिसलं नाई मले," ती म्हणाली. "लई खेपा पायलं."

त्यांनी सातव्या रोपाची साल चाकूनं सोलली. आतल्या लाकडावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मग तेरावं सोललं. लाकूड गुळगुळीत, पांढरंशुभ्र. साहेबांची घाई कुठल्या कुठं गेली.

"सोळांतली पंधरा झाडं आजारी, एक चांगलं," ते म्हणाले. "बाई, तुमची एकही खूण चुकलेली नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्याबद्दल असं कोणी बोललं होतं, आणि ते ऐकायला हवा होता तो माणूस तिथं नव्हता. तिनं धीर करून विचारलं, "ते आधीचे साहेब काऊन नाई आले?"

"राज्य बदललं ना. मध्य प्रदेशातून आता आपण मुंबई राज्यात. त्यांना पुण्याला नेलं, दिवाळीच्या आधीच." मग त्यांना काही आठवलं, त्यांनी फाईलचं पहिलं पान उलटलं. "त्यांनी जाताना हे लिहून ठेवलंय. 'कोरेटोला येथील निरीक्षण भागीरथाबाई यांचे आहे. त्यांच्या खुणा माझ्याच समजाव्यात.'"

"आनखी एकदा वाचा, साहेब."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"पुनं कितीक दूर हाय?"

"इथून आगगाडीनं दोन दिवस तरी लागतील."

तिनं मान हलवली. दोन दिवस म्हणजे किती, याचा अंदाज करत ती उभी राहिली. तिनं उभ्या जन्मात आगगाडी फक्त वडशाच्या फाटकावर थांबून पाहिली होती.

बाग देवाजीनं स्वतःच्या हातानं तोडली. तेराव्या रोपावर ज्याचा डोळा होता, ते एक झाड ठेवलं. बाकीची, न तपासलेलीही, पेटवली. ओल्या सालीचा संत्र्यासारखा वास दोन दिवस गावावर होता. लिंबाची रोपंही जाळावी लागली. ती भागीरथानं एकेक करून जाळात ठेवली. सगळं संपल्यावर देवाजी तिच्याजवळ येऊन बसला. "इस्तारी म्हने, तू नाला उतरून आली नसती, त त्याची उमर वाया गेली असती," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यानं तिच्या हातचं पाणी मागून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यापासून खात्यानं तिला रोजावर बोलवायला सुरुवात केली. आरमोरी, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, जिथं लिंबाची रोपं ठेवली असत तिथं ती जाई. गावोगावचे बागवान आधी हसत, मग पान तिच्या हातात देत. देवाजीनं चढावर पेरू लावला, तो चांगला धरला.

बाग तोडली तेव्हापासूनच ती संध्याकाळी गुरुजींकडे जाऊन अक्षरं गिरवू लागली होती. त्यात दोन वर्षं गेली. एकोणसाठच्या उन्हाळ्यात तिनं पुण्याला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा ठेवलं. त्यात ख्यालीखुशाली नव्हती, दुसरं काही नव्हतं. सातव्या रोपात आधी दिसलं, मग तिसऱ्यात. मी बारा दिवस सांगितलं नाही, ते माझं चुकलं. आता मला तेरा गावच्या बागा ठाऊक आहेत. खाली नाव लिहिलं. वडशाच्या पोस्टात स्वतः जाऊन टाकलं.

दोन महिन्यांनी लिफाफा आला. वर तिचं नाव, भागीरथाबाई, वळणदार अक्षरात. आत छापील पत्रक होतं, संत्र्याच्या विषाणूची ओळख कशी करावी त्याचं. ती एकेक अक्षर लावत वाचत गेली. सगळं तिला माहीत असलेलंच होतं. शेवटच्या पानाच्या खाली त्याच वळणदार अक्षरात पेन्सिलीनं एक ओळ लिहिलेली होती, "इकडच्या उन्हात पान तसं दिसत नाही."

ती ओळ तिनं पुष्कळदा वाचली. ती नुसती उन्हाबद्दल नाही, एवढं तिला कळलं, आणि ते कोणाला सांगावं असं वाटेना. पत्रक तिनं धान्याच्या कणगीमागं, कोरड्या जागी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीकडच्या एका बागवानाची गाडी न्यायला येणार होती. त्याच्या मोसंबीच्या आठ झाडांची पानं पिवळी पडली होती. तिनं भाकरी बांधून घेतल्या आणि उजाडताच निघाली.